पद्मिनीच्या तक्रारी आधी वहीत, मग पाना: नागपुरातल्या कामाच्या नोंदी

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९९१चं मॉडेल, १०८९ सीसी, पेट्रोल, हँड गेअर (गेअरची दांडी स्टिअरिंगखाली), चारही चाकांना ड्रम ब्रेक. नंबर एमएच-३१. मामांची गाडी. ते गेल्यापासून प्रतापनगरच्या घरी पोर्चमध्ये उभी होती. इंजिन कंपनीचंच, कधी उतरवलेलं नाही. मोठं काम मिस्त्रीकाकांकडे, त्यांचं गॅरेज घाट रोडच्या आतल्या गल्लीत. जे मला जमेल ते सुटीच्या दिवशी मी. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे आणि जी विकायला मन होत नाही, त्यांच्यासाठी या नोंदी. दर २०२४चे, नागपूरचे.

१३ जानेवारी २०२४

पाना हातात घेण्याआधी एक काम केलं, आणि ते प्रत्येकाने करावं असं ठामपणे सांगतो. ही गाडी ज्यांनी चालवली, जे तिच्यात बसले, त्या सगळ्यांना विचारलं: तिचं काय काय दुखायचं? उत्तरं ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत वहीत उतरवली. डाव्या पानावर माणसाचा शब्द, उजवं पान कोरं. गाडी उघडल्यावर जे सापडेल ते उजवीकडे लिहायचं.

मामी म्हणाली, "सकाळी उठायला फार नखरे करायची. एकदा उठली की मग दिवसभर काही म्हणायची नाही. पावसात रुसायची. आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर अशी कण्हायची ना, की मलाच वाटायचं आपण उतरून चालावं."

मामेभाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "गेअर हुडकावा लागायचा. दुसरा तर कधी सापडायचाच नाही." शेजारचे काका मामांबरोबर बुटीबोरीला कामावर जात, ते म्हणाले, "ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची."

कौतुकही भरपूर ऐकायला मिळालं. एक नंबर गाडी, राणी, पत्रा दणकट, असली गाडी आता होणे नाही. तेही लिहून घेतलं, पण त्यातून कुठला बोल्ट सोडायचा ते कळत नाही. कौतुक सगळ्यांचं एकसारखं होतं. तक्रारी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या आणि एकदम नेमक्या होत्या, कारण ज्याने वर्षानुवर्षं तिच्याकडे लक्ष दिलं त्यालाच तशी तक्रार करता येते. माझ्या लेखी या गाडीवरचं खरं प्रेम डाव्या पानावरच्या तक्रारींतच आहे.

२१ जानेवारी

गाडी पोर्चमधून काढली. चारही टायर बसलेले, म्हणून आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून बघितली. तीन धरली, एक गेली. ढकलल्यावर गाडी हलेना. ढकलायला आलेले सगळे एका सुरात म्हणाले, "जाम आहे."

इथे घाई करू नका. जाम म्हणजे इंजिन जाम की ब्रेक जाम, हे आधी ठरवावं लागतं. गाडी न्यूट्रलमध्ये घातली तरी हलत नव्हती, म्हणजे तूर्त इंजिनाचा संबंध नाही. मागचं डावं चाक जॅकवर घेतलं, ते फिरेना. ब्रेकचे शू गंजून ड्रमला चिकटले होते. ड्रमवर लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी हातोडीने ठोकलं, तेव्हा ते सुटलं. मग टो करून घाट रोडला नेली, १,८०० रुपये.

इंजिनचे चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं आणि तसंच मुरू दिलं. सेल्फ मारायचा मोह टाळा. रिंगा चिकटल्या असतील तर सेल्फच्या जोराने त्या तुटतात आणि लायनरवर ओरखडे पडतात.

४ फेब्रुवारी

प्लग काढलेलेच ठेवून, टॉप गेअर घालून गाडी पुढे-मागे हलवली. आधी काहीच नाही, मग बोटभर, मग पुली पूर्ण फिरली. इंजिन मोकळं आहे. मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, "जिवंत हाये जी."

पेट्रोलच्या टाकीची कथा वाईट. आत उरलेल्या पेट्रोलचा काळा चीक झाला होता, त्याला वार्निशचा वास. टाकी उतरवून एका ठिकाणी धुवायला दिली. त्यांनी आत साखळी आणि रॉकेल घालून हलवली, ५०० रुपये घेतले. वरून स्वच्छ दिसली. पण पेट्रोल घालून एक रात्र ठेवली तर सकाळी फिल्टरमध्ये लाल पूड. साखळीने गंजाचे पापुद्रे सुटले होते, गंज गेला नव्हता. मग गंज काढायचं फॉस्फोरिक अॅसिडवालं द्रावण आणलं, टाकीची सगळी तोंडं बंद करून दिवसभर ठेवलं, अधूनमधून कूस बदलली. रिकामी केल्यावर पाण्याने धुवून लगेच गरम हवेने वाळवली आणि आतून तेलाचा हात फिरवला. हे वाळवणं लांबवलं तर तासाभरात पुन्हा लाल होते. लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर बसवला, म्हणजे टाकीतून काय येतंय ते डोळ्यांनी दिसतं.

कार्बोरेटर उघडला. किट, साफसफाई आणि टाकीचं दोन्ही वेळचं काम धरून ३,१०० रुपये.

कार्बोरेटर हातात असतानाच मामीच्या पहिल्या शब्दाचा उलगडा झाला. चोकची दांडी पूर्ण ओढली तरी आतली फुलपाखरी झडप अर्धीच मिटत होती. वायरचं बाहेरचं कव्हर ज्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेलं असतं, तो क्लॅम्प सरकलेला. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, ती झडप त्यासाठीच असते. ती मिटली नाही की सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं, आणि इंजिन एकदा तापलं की चोकची गरजच उरत नाही. "एकदा उठली की दिवसभर काही म्हणायची नाही." मामीने लक्षण पूर्ण सांगितलं होतं. क्लॅम्प सरकवून स्क्रू आवळला, खर्च शून्य. उजव्या पानावर लिहिलं: चोकची वायर.

१८ फेब्रुवारी

इग्निशनचा दिवस. नवी बॅटरी ४,२०० रुपये. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी, प्लग आणि प्लगच्या वायरी असा सगळा संच २,७५० रुपयांत नवा घेतला. पॉइंटमधली फट फीलर गेजने ०.४५ मिलिमीटरच्या आसपास लावली.

जुनी टोपी काढल्यावर आतल्या बाजूला केसाएवढी बारीक काळी रेघ दिसली, एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत. बोटाने पुसली तर जाईना. तो तडा होता, आणि तड्यात कार्बन बसलेला. कोरड्या हवेत काही जाणवत नाही, दमट हवेत करंट त्या रेघेवरून पळतो आणि ठिणगी भलत्याच सिलिंडरला जाते. "पावसात रुसायची" समोर लिहिलं: डेल्कोची टोपी. खात्री मात्र पावसाळ्यातच होणार.

सेल्फ मारला. कार्बोरेटरमधून फटाका वाजला. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. टोपीवर ३ आणि २च्या वायरी अदलाबदल झालेल्या होत्या. त्या बदलल्या आणि गाडी सुरू झाली. पांढरा-निळा धूर भरपूर निघाला, तो आधी ओतलेल्या तेलाचा. थोड्या वेळाने विरला.

आता शेजारच्या काकांचं "थरथरायची". थरथर दोन कारणांनी होते आणि त्या दोन्ही वेगळ्या जाणवतात. सगळी गाडी एका लयीत थरथरत असेल आणि अॅक्सिलरेटर दिला की थांबत असेल, तर इंजिन फाउंडेशनची रबरं गेलीत. मधूनच झटका बसत असेल, लय मोडत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतो आहे. आमच्याकडे दोन्ही होतं. स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता, इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची टोपी काढून बघितली, हाताला रबरी मोजा घालून. १, २ आणि ४ काढल्यावर इंजिनचा आवाज पडायचा. ३ काढल्यावर काहीच फरक नाही, म्हणजे तोच काम करत नव्हता. त्याचा एक टॅपेट, म्हणजे वॉल्व्हला ढकलणारा भाग, इतका घट्ट होता की वॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. टॅपेट मापात लावले, रबरं बदलली, हेड कव्हरचं गॅसकेट नवं टाकलं, १,३०० रुपये. हेड उतरवावं लागलं नाही याचा मला फार आनंद झाला.

३ मार्च

ब्रेक. "डावीकडे ओढते" म्हटलं की हात आपोआप डाव्या चाकाकडे जातो. तसं करू नका. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक लागतो आहे, आजार बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतो. पुढचा उजवा ड्रम काढला तर व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला. डावा एकटाच लागत होता, म्हणून गाडी त्याच्याकडे झुकत होती.

चारही चाकांचे सिलिंडर आणि होज पाइप नवे टाकले. होज पाइप बाहेरून ठीक दिसले तरी बदला. आतून रबर फुगून भोक बारीक होतं, मग पॅडल सोडल्यावरही ब्रेक धरून राहतो.

मास्टर सिलिंडरला मात्र फक्त किट टाकून भागवायचं ठरलं, आणि ते फसलं. पॅडल हळूहळू खाली बसायला लागलं. बाहेर कुठे गळती नाही, ऑइलची पातळीही कमी होत नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते, नव्या रबराला धरायला गुळगुळीत जागाच नव्हती. शेवटी पूर्ण मास्टर सिलिंडर घेतला, पुन्हा सगळी एअर काढली, ऑइल पुन्हा नवं. ब्रेकचा एकूण खर्च ११,४०० रुपये, त्यात वाया गेलेलं किट आणि ऑइल आलं. चार टायर-ट्यूब १४,०००.

१७ मार्च

हँड गेअरचे बुश शोधण्यात दिवस गेला. दुकानदार विचारतो, "डिलाइटचं पाहिजे का पद्मिनीचं?" नवख्या माणसाचा इथे गोंधळ होतो, म्हणून लिहून ठेवतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. पन्नाशीच्या दशकातली गोल नाकाची गाडी म्हणजे लोकांची डुक्कर फियाट, आणि हे नाव घेताना आजही म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या तोंडावर लाडच दिसतो. १९६४च्या सुमारास आली ती ११००-डी, म्हणजे डिलाइट. तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली तरी डिलाइट ते पद्मिनी पुष्कळसे भाग एकमेकींना चालतात. दुकानात "फियाटचं" म्हणा, जुना भाग हातात न्या, आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा. माल मिळतो, पण आधीसारखा रांगेत लावलेला नाही. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे आता हा माल कोण बनवणार, असं दुकानदारच विचारतात.

"गेअर हुडकावा लागतो" हे स्वस्तात सुटलं. स्टिअरिंगखालच्या दांडीपासून गेअरबॉक्सपर्यंत जे सांधे आहेत त्यांतले बुश झिजून दांडीला भरपूर खेळ आला होता. गेअरबॉक्सला हातही लावला नाही. बुश आणि मजुरी ८५० रुपये. गेअर सापडत नाही म्हणून कोणी गेअरबॉक्स उतरवायला सांगितलं तर आधी हे सांधे हलवून बघा.

३१ मार्च

मामीचं "कण्हते" मला बरेच दिवस कळत नव्हतं. टायमिंग मागे आहे का, सायलेन्सर तुंबलाय का, एअर फिल्टर बघितला, काही नाही. मग मामीला विचारलं, "म्हणजे नेमकी कशी?" तिने आवाज काढून दाखवला, वर चढत जाणारा, लांबलेला. आणि म्हणाली, "आवाज एवढा, पण गाडी आपली तिथल्या तिथे."

मिस्त्रीकाकांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग तं क्लच हाये. ओरडते पण ओढत नाही." आवाज चढतो आहे म्हणजे इंजिन फिरतंय. गाडी मागे पडते आहे म्हणजे ते फिरणं चाकांपर्यंत जात नाही. चढावर इंजिनात दमच नसता तर आवाज चढण्याऐवजी पडला असता.

गेअरबॉक्स उतरवला. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून क्लचप्लेट चिकट झाली होती. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून ९,६०० रुपये. सील बदलल्याशिवाय नवी प्लेट टाकू नका, नाहीतर नवीही तेलात भिजेल.

२१ एप्रिल

पाडव्याला, ९ तारखेला, गाडी रस्त्यावर आणायची असं मामीला सांगितलं होतं. आणता आली नाही. पाडव्याला तिने गॅरेजमध्येच येऊन बॉनेटवर हळदी-कुंकू वाहिलं, हार घातला. त्या वेळी गाडीला बॉनेट होतं, पण खाली फ्लोअर नव्हता.

डेंटरने आधी बघून "पत्रा ओरिजिनल" असं सांगितलं होतं. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून मी सगळ्या गाडीवरून फिरवला. डाव्या फेंडरच्या खालच्या भागावर तो धरेना. आत पत्र्याऐवजी पट्टी, म्हणजे पुटी, भरलेली. रबर मॅट उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याची चाळण. २० गेजचा पत्रा कापून तुकडे वेल्ड केले, सांध्यांना सीलंट, खालून अँटीरस्ट. पट्टी लावून भोक बुजवायला कमी पैसे पडले असते, पण गंज आतून पुढे खातच राहतो.

रंगाने वेळ खाल्ला. कंपनीचा रंग कोणता यावर घरात एकमत नव्हतं. मामी पिस्ता म्हणते, मामेभाऊ दुधी म्हणतो. ऊन लागून बाहेरचा रंग मुळात उरलाच नव्हता. शेवटी ग्लव्ह बॉक्स काढला तेव्हा त्याच्या मागे, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे तळहाताएवढी जागा सापडली. पिस्ता, पण फिका, दूध घातलेला. मामी आणि मामेभाऊ दोघांचंही बरोबर. पेंटरने तो तुकडा समोर ठेवून हाताने रंग जुळवला, दोनदा नमुना उन्हात वाळवून दाखवला. दुकानातल्या दिव्याखाली रंग पास करू नका, उन्हातच बघा. १९ला मतदान, त्यामुळे पेंटरची पोरं गावाला गेली आणि शेवटचा हात पुढे ढकलला गेला. पत्रा आणि रंग मिळून ४८,००० रुपये, या कामातला सर्वांत मोठा आकडा.

५ मे

रस्त्यावर आली. लगेच गरम व्हायला लागली. रेडिएटरची वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी फिरवून सफाई) करून घेतलं, अर्ध्या नळ्या चुन्यासारख्या थराने बंद होत्या. नवा थर्मोस्टॅट, बेल्ट, होज, कूलंट, ३,२०० रुपये. साधं बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या पाण्याचाच तो थर. काटा आता मध्यावर राहतो.

१९ मे

वर्धा रोडवर छत्रपती चौकाच्या अलीकडे बंद पडली. दुपार, कडक ऊन. जो थांबला त्याने एकच सांगितलं, "पेट्रोल उडालं, पंपावर ओलं फडकं टाका." फियाटवाल्यांचा हा जुना उपाय आहे आणि त्यामागचं कारणही खरं आहे. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. फडकं टाकलं, अर्धा तास थांबलो, सुरू झाली. म्हणजे तेच असणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

त्यावर इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवला, पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक आवरण घातलं. २,४०० रुपये. पुन्हा अजनीजवळ बंद. पुन्हा अर्ध्या तासाने सुरू. पंप टिकटिक करत होता, काचेच्या फिल्टरमध्ये पेट्रोल काठोकाठ.

मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, "मेली का बसली?"

मी म्हटलं, बंद पडली. ते म्हणाले, "तसं नाही जी. बसते तं आधी सांगते. जर्क मारते, पिकअप जाते, खोकलते, थोडं पळते, मंग बसते. मेली म्हणजे चाबी काढल्यावानी. आता आठवून सांगा."

आठवलं. दोन्ही वेळा जर्क नाही, खोकला नाही. चालत्या गाडीतून इंजिनचा आवाज एका क्षणात गेला होता आणि गाडी नुसती घरंगळत कडेला आली होती. मेली होती.

पेट्रोल संपतं ते हळूहळू. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं उरलेलं असतं, त्यावर इंजिन काही क्षण धडपडतं. करंट मात्र एकदम जातो. म्हणून जे "बसते" ते पेट्रोलकडे बघायचं आणि जे "मरते" ते इग्निशनकडे. काकांनी गाडी तापेपर्यंत चालू ठेवली. ती मेल्याबरोबर कॉइलची मेन वायर टोपीतून काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी आली, पण नारिंगी, मलूल, एखाददुसरी. ती निळी आणि कडकडीत हवी.

फेब्रुवारीत घातलेला नवा कंडेन्सर तापला की दम सोडत होता. छोटी डबीएवढी वस्तू, किंमत १२० रुपये. मामांच्या डिकीत टॉफीच्या डब्यात जुने भाग जपून ठेवलेले होते, त्यात एक कंपनीचा कंडेन्सर निघाला. तो लावला. तापलेल्या इंजिनावर तेव्हाच्या तेव्हा निळी ठिणगी. ओल्या फडक्याने गुण आला असं जे वाटलं होतं, तो गुण अर्धा तास थांबण्याचा होता. तेवढ्यात कंडेन्सर गार व्हायचा.

आता मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा भरवसा नाही. जुना चालू असेल तर तो फेकू नका. नवा घेतला तर एक जादा घेऊन गाडीत ठेवा. आणि गाडी बंद पडली की खाली उतरण्याआधी ती मेली की बसली ते मनाशी पक्कं करा. तेवढ्या एका प्रश्नाने माझे पंपाचे पैसे आणि मेमधले ते दिवस वाचले असते.

२६ मे

काल नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. आज व्हेरायटी चौकात सिग्नलला उभी असताना स्लो डळमळला, दोन जर्क, खोकला, आणि बंद. हे बसणं. खरीखुरी वाफ. इलेक्ट्रिक पंप चालू ठेवून थोडं थांबलो, नळीतले बुडबुडे पुढे गेले, सुरू झाली. पंप सत्कारणी लागला म्हणायचा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून हातभर दूर वळवून घेतली आणि कार्बोरेटरखाली जाड फायबरचा तुकडा घातला, म्हणजे मॅनिफोल्डची उष्णता वर कमी चढते. ते भंगारातल्या तुकड्यातून काकांनीच कापून दिलं, पैसे घेतले नाहीत.

१५ जून

पासिंग झालं. १५ वर्षांवरच्या खासगी कारचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं, २०२४ मध्ये सरकारी फी ५,००० रुपये होती, वर पर्यावरण कर. विमा, पीयूसी सगळं धरून ११,०००. पीयूसीला पहिल्यांदा नापास. या जुन्या गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो, आमचा जास्त. मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा आत घेत स्लो पुन्हा लावला, मग पास. पासिंगला जायच्या आधी हॉर्न, वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट एकेक करून तपासा. वायपरच्या एका फाटक्या रबरासाठी माझ्या पुढची गाडी परत पाठवली.

३० जून

रामटेक. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास, मामी पुढच्या सीटवर. मनसरच्या अलीकडे जोराचा पाऊस लागला. मुद्दाम थांबलो नाही. चाकांखाली पाणी, बॉनेटवर पाणी, गाडी चालत राहिली. "पावसात रुसायची" समोर बरोबरची खूण केली. गडाचा चढ दुसऱ्या गेअरवर चढली. मामी वरपर्यंत काही बोलली नाही. वर पोचल्यावर म्हणाली, "आज कण्हली नाही."

एकूण खर्च १ लाख १४ हजारांच्या आत-बाहेर. माझी मजुरी यात नाही. पुन्हा असं काम करणाऱ्याने ब्रेक, टाकी आणि इग्निशन आधी, रंग सर्वांत शेवटी हा क्रम ठेवावा. आम्ही रंगाआधी रेडिएटर केला असता तर नव्या पिस्ता रंगावर कूलंटचे डाग पुसत बसावं लागलं नसतं.

परतताना कन्हान ओलांडल्यावर मामी म्हणाली, "मागून डावीकडे काहीतरी कुरकुरतंय. खड्ड्यात नाही, खड्ड्यातून वर आल्यावर." लिहून घेतलं. खड्ड्यात आवाज आला असता तर शॉकअॅब्सॉर्बर बघितला असता. वर येताना पाटे परत आपल्या जागी सरकतात, म्हणजे मागच्या डाव्या पाट्याच्या शॅकलचा, पाटा गाडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा, बुश. जोडीचे सांगून ठेवलेत, ३६० रुपये. बुधवारी येतील.